हॅचिंगमधल्या जादा रेघा

आमच्या घरात मुंज असो की डोहाळजेवण, मांडवात एक खुर्ची माझी ठरलेली असते. पंख्यासमोरची. जेवणं उरकली की मी तिथं बसतो आणि घरातल्याच माणसांच्या गोष्टी सांगतो. सांगा असं कुणी म्हणत नाही, पण लोक जमतात. बायकोच्या मते ते पंख्यासाठी जमतात.

माझ्या ठेवणीतल्या दोन गोष्टी फार चालायच्या.

पहिली बाबांच्या हाताची. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. कॉम्प्युटर यायच्या आधीचे. बोर्डावर कागद ताणून, शाईच्या पेननं यंत्रांचे भाग आखणारे. पट्टी सरळ आहे का हे बघायचं असेल तर बाबांच्या रेघेला लावून बघा, असं त्यांचे सोबती म्हणायचे. निवृत्तीनंतर काही वर्षांत त्याच हाताला कंप सुटला. कप उचलला की चहा बशीत, बशी उचलली की शर्टावर. पुढं चालही बिघडली. पाय फाकवून, होडीत उभं राहिल्यासारखे चालायला लागले. यावर माझी गोष्ट अशी, की माणूस जन्माला येताना सरळ रेघांचा कोटा घेऊन येतो. बाबांनी आपला सगळा कोटा कारखान्याला देऊन टाकला. आता शिलकीत नुसत्या वाकड्या आहेत. लोक हसायचे. बाबाही हसायचे, पण लोकांसमोर चहा घेणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं.

दुसरी गोष्ट भाच्याची. धाकट्या बहिणीचा हा एकुलता एक मुलगा आता विशीत आहे. उंच, लांबट चेहऱ्याचा, आणि कान असे की वारा सुटला तर ह्याला धरून ठेवा असं मी म्हणायचो. तो उशिरा बसला, उशिरा चालला, फारच उशिरा बोलला. कुणी डॉक्टर मतिमंद म्हणाले, कुणी ऑटिझम म्हणाले, आणि एकानं ‘मोठा होईल तसं बघू’ म्हणून पुढच्या पेशंटला हाक मारली. आनंद झाला की तो दोन्ही हात पाखरासारखे फडफडवतो. पाहुणा आला की शेकहँडसाठी हात पुढं करतो आणि त्याच क्षणी मान, खांदे, सगळा देह दुसरीकडे वळवतो. हात तुमच्याकडे, माणूस खिडकीकडे. मी म्हणायचो, हा हाडाचा पुणेरी दुकानदार. हात पुढं करतो तो पैसे घ्यायला, गिऱ्हाइकाचं तोंड कशाला बघायचं?

आणि मग तो विचारतो, “गाडी कुठं लावली?”

हे तो प्रत्येकाला विचारतो. कुरिअरवाल्याला विचारतो, रिक्षानं आलेल्या आत्याला विचारतो, सोसायटीचं पाणी का आलं नाही हे सांगायला वरच्या मजल्यावरून आलेल्या काकांना विचारतो. उत्तर मिळालं की ते दोन-तीनदा स्वतःशी म्हणून घेतो आणि त्याचा जीव भांड्यात पडतो. मिळालं नाही तर मिळेपर्यंत विचारतो. बहीण संध्याकाळी ऑफिसातून घरी आली की तिलाही.

“माझ्याकडे गाडी नाही रे राजा,” ती म्हणते.

तिसरी गोष्ट मी कधी सांगितली नाही. ती कुणीच सांगत नसे.

बहिणीकडे गाडी होती. नोकरी लागली तेव्हा बाबांनी तिला बिनगिअरची टू-व्हीलर घेऊन दिली. सासर विश्रांतवाडीला, ऑफिस कॅम्पात. त्या काळी त्या रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरावर स्पीडब्रेकर, आणि दोन स्पीडब्रेकरांच्या मध्ये माणसाला कंटाळा येऊ नये म्हणून खड्डे. त्या रस्त्यानं बहीण आठवा महिना लागेपर्यंत गाडीवर जात होती. पुण्यातल्या बायकांना त्यात विशेष काही वाटत नाही. मग मुलगा झाला, तो बसेना, चालेना. एके दिवशी गवार मोडता मोडता तिच्या सासूबाई म्हणाल्या, “त्या स्पीडब्रेकरनी पोराच्या डोक्याला हादरे बसले.” रागानं नाही, तक्रार म्हणूनही नाही. गवारीला दोरे फार आहेत म्हणावं तितक्याच सुरात. पुन्हा त्या कधी हा विषय बोलल्या नाहीत. एकदा पुरलं. बहिणीनं त्याच आठवड्यात गाडी विकली आणि तेव्हापासून हँडलला हात लावला नाही. कुणी विचारलं तर सांगायची, पाठ दुखते. आमच्या दोन्ही घरांना खरं कारण माहीत होतं आणि दोन्ही घरं तिला बामाच्या बाटल्या आणून द्यायची.

मागच्या वर्षी बाबा बाथरूममध्ये पडले. हाड मोडलं नाही, पण मी त्यांना डेक्कनला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर बाई माझ्याहून बऱ्याच लहान होत्या, बाबांना काका म्हणत होत्या. त्यांनी बाबांना जमिनीवरच्या फरशीच्या सांध्यावरून, एका पावलापुढं दुसरं पाऊल टाकत चालायला सांगितलं. बाबांना जमेना.

“रेघ तुमची बरोबर आहे,” बाबा म्हणाले. “पाय बेशिस्त आहेत.”

मग त्यांनी कागदावर गोगलगाईसारखं वेटोळं काढायला सांगितलं. बाबांनी काढलं, कागद लांब धरून बघितलं आणि परत दिला. “हे माझं नाही,” म्हणाले.

मेंदूचा एमआरआय डॉक्टरांनी उजेडावर लावला आणि बराच वेळ बघत राहिल्या. हा नेहमीचा कंपवात दिसत नाही, एवढंच म्हणाल्या. मी घसा साफ केला. कोट्याची गोष्ट सांगायला ही जागा बरी होती, पंखाही होता. तेवढ्यात त्यांनी विचारलं, “काका, तुम्हाला मुलगी आहे का?”

“आहे.”

“तिला मुलगा आहे?”

“आहे.”

“शिकण्यात मागे आहे का तो?”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हणालो.

“चेहरा लांबट? कान मोठे?”

“हो.”

“कुणी भेटलं की शेकहँडला हात पुढं करतो आणि स्वतः तोंड फिरवून दुसरीकडे वळतो?”

भाचा त्या वेळी आमच्या घरी, माझ्या बायकोपाशी बसलेला होता. ह्या बाईंनी त्याला जन्मात बघितलेलं नव्हतं. त्या बाबांच्या मेंदूचा फोटो बघत होत्या आणि त्यात त्यांना दोन पिढ्या पलीकडचा एक हात दिसत होता, आमच्याकडे आलेला, आणि एक मान, खिडकीकडे वळलेली. ती लकब आम्ही आमच्या घरची, आमच्याच पोराची म्हणून जपली होती. मी तिच्यावर मांडव गाजवले होते. आणि ती पुस्तकात होती. ज्यांनी पुण्याचं नाव ऐकलेलं नाही अशा मुलकांतली मुलंही तशीच हात पुढं करून वळतात, असं त्या म्हणाल्या.

“आणखी एक,” त्या मला म्हणाल्या. “तुमच्या बहिणीची पाळी चाळिशीच्या आधीच थांबली का?”

बाबा भिंतीवरच्या औषध कंपनीच्या कॅलेंडरात एकदम रस घ्यायला लागले. मी ‘विचारून सांगतो’ असं पुटपुटत बाहेर आलो आणि बायकोला फोन लावला. कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलेली माणसं ऐकत होती म्हणून मला हळू बोलावं लागलं, आणि हळू बोललेलं तिला ऐकू येत नव्हतं.

“कुणाची काय गेली?”

“पाळी. हिची. म्हणजे आपल्या... ताईची.” मी धाकट्या बहिणीला आयुष्यात पहिल्यांदा ताई म्हणालो.

“अहो, भर दुपारी हे काय काढलंत?”

“डॉक्टरांनी विचारलंय.”

“डॉक्टर तुमच्या बाबांचे ना?”

“हो, पण तूच सांग.”

“छत्तिसाव्या वर्षी थांबली. म्हणून तर तिला दुसरं मूल झालं नाही. टेन्शननं झालं असं म्हणाले होते तेव्हा. तुम्हाला माहीत नव्हतं?”

“मला कोण सांगणार?”

“बरोबर. तुम्ही सांगत असता ना.”

बाबांचं, बहिणीचं आणि भाच्याचं रक्त तपासायला गेलं. निकाल यायला काही आठवडे लागले. तो ऐकायला बहीण आणि मी दोघंच गेलो. तिचा नवरा चाकणला पहिल्या पाळीवर होता, आणि बाबांना पाऊस आहे म्हणून आम्ही घरी ठेवलं. पाऊस नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं ते मी इथं माझ्या बुद्धीप्रमाणं सांगतो. चूक झाली तर ती माझी.

आपल्या शरीरात ज्या सूचना लिहिलेल्या असतात, त्यांतली एक एक्स नावाच्या गुणसूत्रावर आहे. त्या सूचनेच्या तोंडाशी तीन अक्षरांचा एक शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला असतो. बहुतेकांमध्ये तीसेक वेळा, थोडं इकडं तिकडं. त्यानं काही बिघडत नाही. पण काही घराण्यांत हा शब्द एका पिढीकडून दुसरीकडं नकलून जाताना वाढत जातो. बाबांकडे तो बराच वाढलेला होता. बापाचं एक्स सगळ्या मुलींना मिळतं आणि एकाही मुलाला मिळत नाही, म्हणून तो बहिणीकडे आला. आणि आईकडून मुलाकडे जाताना तो अशी काही उसळी मारू शकतो की दोनशेच्याही पार जातो. तसा गेला की पेशी त्या सूचनेलाच टाळं लावते. याला फ्रॅजाइल एक्स म्हणतात.

“आणि मी?” मी विचारलं.

“तुम्हाला वडिलांचा वाय मिळाला. तुमच्यात हे नाही.”

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण सबंध घराचा फोटो निघाला आणि आपण तेव्हा चपला शोधत होतो, असंही काहीतरी वाटलं. बाबांसारखा दिसतो म्हणून मी आयुष्यभर मिरवलो, आणि बाबांच्या ह्या एका गोष्टीत माझ्यासाठी काहीच नव्हतं.

ज्या सूचनेला टाळं लागतं, ती एक प्रथिन बनवण्याची. मेंदूत जिथं एक पेशी दुसरीशी बोलते, तिथं ते प्रथिन उभं असतं, आणि त्याचं मुख्य काम थांबवण्याचं. आपण काही शिकलो की त्या जागी नवं बांधकाम होतं, म्हणे. पण जे कानावर पडेल त्याचं बांधकाम करत सुटून चालत नाही. हे प्रथिन म्हणतं, थांब, आत्ता नको. मग वेळ आली की म्हणतं, आता कर. भाच्याकडे हा थांबवणारा नाही. कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, समोरच्याचे डोळे, सगळं सारख्याच जोरानं आत येतं.

“तो नजर चुकवतो ना,” डॉक्टर बहिणीला म्हणाल्या, “ते त्याला माणूस नको असतो म्हणून नाही. डोळे सहन होत नाहीत त्याला. माणूस हवा असतो. म्हणून तर हात पुढं करतो.”

मला माझा दुकानदार आठवला आणि मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत बसलो.

त्या पुढं म्हणाल्या की बाबांच्या बाबतीत उलटं आहे. तिथं सूचना बंद नाही. तिच्या नकला गरजेपेक्षा फार जास्त निघतात, साठत जातात, आणि वर्षानुवर्षं साठल्या की हात थरथरतो, तोल जातो. बहिणीच्या पाळीचंही मूळ हेच. त्यावर औषध नाही. बाबांचा कंप आणि सगळं एकदम आत आल्यानं भाच्याला वाटणारी भीती जरा कमी करता येईल, ती सुरुवात करू म्हणाल्या. मी ऐकत होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर आमचा दिवाणखाना होता. चहाची वेळ. बाबांचा थरथरणारा हात, शेजारी भाच्याचे फडफडणारे हात, आणि ट्रे घेऊन आलेली बहीण. मी इतकी वर्षं तिघांकडे वेगवेगळं बघितलं. ते तिघं एकच वाक्य होते. दोघांत ते मोठ्यानं आणि सतत म्हटलं जात होतं, एकात अजिबात म्हटलं जात नव्हतं. डोळ्यांना कधी दिसणार नाही एवढ्याशा जागेत लिहिलेलं. देवळात गेल्यावर जे वाटायला हवं असतं, ते सगळं मला त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत वाटलं.

बहिणीनं एकच प्रश्न विचारला. “हे माझ्या पोटात कधी झालं?”

“बहुधा पोटात नाहीच. बीज तयार होतानाच. आणि बाईची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार झालेली असतात. म्हणजे तुमचा जन्मसुद्धा व्हायचा होता.”

“म्हणजे रस्त्याचा...” बहीण म्हणाली आणि थांबली.

“कुठल्या रस्त्याचा?”

मी सांगितलं. गाडी, आठवा महिना, स्पीडब्रेकर. डॉक्टर हसल्या नाहीत.

“रस्त्याचा काही संबंध नाही,” त्या म्हणाल्या.

“बरं,” बहीण म्हणाली. पदर नीट केला, पर्सची चेन लावली, उघडली, परत लावली.

रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, “दादा, बाबांना सांगायचं नाही.”

“अगं, पण तुझ्या डोक्यावरचं...”

“वीस वर्षं वागवलंय मी ते. त्याचं वजन मला माहीत आहे. तेच उचलून त्यांच्या हातात देऊ? कप धरवत नाही त्यांना.”

तिची सुटका व्हायची तर ही गोष्ट घरात बोलली जायला हवी होती, आणि बोलायचं म्हटलं तर वाट बाबांवरून जात होती. तिनं सुटका नको म्हणून सांगून टाकलं होतं. मंडईपाशी ती उतरली, कोथिंबीर घेतली आणि बसस्टॉपकडे चालायला लागली.

घरी बाबा खुर्चीत बसून होते. “काय निघालं?”

“विशेष काही नाही. वयोमान.”

“वयोमान सांगायला नातवाचं रक्त कशाला घेतलं?”

शंभर माणसांच्या मांडवात मी वाट्टेल ते खपवतो. पण ज्यानं आयुष्यभर मिलिमीटरच्या चुका पकडल्या त्याच्यासमोर खोटं बोलायला बसण्यात अर्थ नव्हता. तरी मी दोन दिवस तगलो. तिसऱ्या दिवशी बाबांनी कागद आणि पेन्सिल पुढं सरकवली. “बोलू नकोस. तुझं बोलणं भरवशाचं नसतं. आकृती काढ.”

मी काढली. बाबांनी चष्मा लावला. “हे काय?”

“एक्स.”

“एक्स असा काढतात?”

त्यांनी पेन्सिल घेतली, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि स्वतः काढला. माझ्यापेक्षा बरा होता. मग मी सांगत गेलो, तीन अक्षरांचा शब्द, नकला, वाढत जाणं. कुणाकडून कुणाकडे हे मी गाळलं. ते गाळून बाकीचं सांगता येतं असं मला खरोखर वाटलं होतं.

बाबांनी त्या एक्सवर पेन्सिलीनं दोन-तीन तिरक्या रेघा मारल्या. मग म्हणाले, “हॅचिंग.”

“काय?”

“यंत्राचा भाग मधोमध कापला तर आत कसा दिसेल, ते आम्ही आखतो. कापलेला धातू दाखवायला तिथं तिरक्या रेघा मारतात. एकसारख्या, शेजारी शेजारी. त्याला हॅचिंग म्हणतात. मूळ ड्रॉइंग खराब झालं की ट्रेसर पोरं त्याच्यावर पारदर्शक कागद ठेवून नवीन उतरवायची. भोक कुठं, आटे कुठं, त्यात चुकायची नाहीत. प्रत्येक रेघ वेगळी, तिची जागा ठरलेली. चुकायची ती हॅचिंगमध्ये. सगळ्या रेघा सारख्या. कुठवर आलो ते डोळा विसरतो. मग एखादी जादा पडते.”

“मग?”

“मग काही नाही. एका रेघेनं काय होतंय? ते ड्रॉइंग पास होतं. त्याच्यावरून पुढची नक्कल. तिच्यात आणखी दोन. असं होत होत एखाद वेळी तो भाग इतका काळा होतो की स्टोअरवाल्याला वाटतं हे रद्द झालेलं आहे. तो शिक्का मारून कपाटात टाकतो.” बाबांनी पेन्सिल ठेवली. “गंमत काय, ड्रॉइंग बरोबर असतं. सगळी मापं बरोबर. फक्त ते कुणी वापरत नाही.”

डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं: टाळ्याच्या आत सूचना शाबूत आहे. मला ते तेव्हा कळलं नव्हतं. ते मला बाबांकडून कळलं.

“आणि माझ्या आईचा एक भाऊ होता,” बाबा म्हणाले. “गावाकडे. गुरांपाशी असायचा. पाहुणा आला की नमस्कार करायचा, पण भिंतीकडे तोंड करून. लोक म्हणायचे, ह्याचा देव भिंतीत आहे. मी फार लहान होतो. आज एकदम दिसला.”

ते खिडकीकडे बघत राहिले. मीही. एक हात मला आता फार लांबून येताना दिसत होता. शेणानं सारवलेल्या भिंतीपाशी जोडलेला, मग माझ्या आजीच्या बाळंतिणीच्या खोलीतून, बाबांच्या ड्रॉइंग बोर्डवरून, बहिणीच्या गाडीवरून, आमच्या दारात पाहुण्यासमोर पुढं झालेला. आजीला लिहितावाचता येत नव्हतं. तिनं ते अक्षर न अक्षर पोचवलं होतं.

“रविवारी तिला चहाला बोलाव,” बाबा म्हणाले. कुणाकडून कुणाकडे, हे त्यांनी मला विचारलंच नाही.

रविवारी बहीण आली, भाचा आला. भाच्यानं मला हात दिला, खिडकीकडे वळला आणि गाडी कुठं लावली ते विचारलं. माझ्याच घरात होतो, तरी मी नीट उत्तर दिलं. आणि हातात आलेला हात जरा जास्त वेळ धरला. त्यानं ओढून घेतला नाही.

बायकोनं चहा आणला. बाबा म्हणाले, “ती गाडी मी घेऊन दिली होती.”

बहिणीनं माझ्याकडे असं बघितलं की मी बिस्किटाचा पुडा फोडायला घेतला.

“कुठली गाडी, बाबा?”

“तुला किती गाड्या घेऊन दिल्या मी? तुझ्या सासूबाई बोलल्या ते माझ्या कानावर आलं होतं. तेव्हापासून वाटायचं, गाडी दिली नसती तर.”

“तुम्हाला?” तिनं कप खाली ठेवला. “मग बोलला का नाहीत?”

“तू म्हणालीस पाठ दुखते. मी म्हटलं, दुखत असेल.”

दोघंही एकाच स्पीडब्रेकरच्या दोन बाजूंना वीस वर्षं उभे होते आणि आम्ही बाम आणत होतो.

“आता हे कळल्यावर तुम्हाला आणखी...” बहिणीला वाक्य पुरं करता येईना. “म्हणून मी दादाला म्हटलं होतं, सांगू नकोस.”

“त्यानं सांगितलं नाही. त्याची आकृती फार वाईट होती, म्हणून मला विचार करावा लागला.” बाबांनी कपाकडे बघितलं. “हे बघ. गाडी मी विचार करून दिली होती. तिनं काही झालं असतं तर ते माझ्याकडे लागलं असतं. हे वेगळं आहे. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकट असते, कुणी आखलं त्याचं नाव लिहायला. ह्या ड्रॉइंगवर माझं नाव नाही. तुझंही नाही. आपल्या हातून नुसतं पुढं गेलं.”

बाबांनी कप उचलला. माणसांत, किती तरी वर्षांनी. चहा हिंदकळला, आणि भाच्यानं त्यांच्याकडे न बघता, तोंड खिडकीकडेच ठेवून, बशी बरोबर कपाखाली धरली. ते दोघांना नेहमीचं असावं. मला मात्र ते पहिल्यांदा दिसलं. एक हात थरथरत होता, दुसरा अजिबात हलत नव्हता.

चहा संपला. बहीण उठली, आपला कप विसळून आली आणि पदराला हात पुसत माझ्या बायकोला म्हणाली, “वहिनी, तुमच्या गाडीची चावी कुठं असते?”

बायकोनं फ्रीजवरून चावी काढून दिली. “ब्रेक दाबून बटण दाब. नाहीतर सुरू होत नाही. आणि हेल्मेट घाल, कोपऱ्यावर पोलीस उभा असतो.”

“लायसन्सची मुदत संपली असेल तुझ्या,” मी म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

आम्ही गॅलरीत उभे राहिलो. ती खाली गाडीशेजारी बराच वेळ उभी होती. मग बसली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवत, ढकलत ढकलत कोपऱ्यापर्यंत गेली. पुढचं झाडामुळं दिसलं नाही. बाबा आत खुर्चीत बसून, रिकामी कपबशी हातातच धरून, आवाज ऐकत होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक स्पीडब्रेकर आहे. त्यावरून गाडी गेल्याचं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. पुढचं चाक, मागचं चाक.

ती परत आली तेव्हा केस विस्कटले होते. दार भाच्यानं उघडलं. रोजच्यासारखा हात पुढं, मान खिडकीकडे.

“गाडी कुठं लावली?”

ती जिना चढून आली होती, तिला दम लागला होता. चप्पल काढेपर्यंत तिनं श्वास घेतला.

“खाली,” ती म्हणाली. “नो पार्किंगच्या पाटीखाली.”

“नो पार्किंगच्या पाटीखाली,” भाचा म्हणाला. आणखी दोनदा म्हणाला. मग त्याचे दोन्ही हात फडफडायला लागले, आणि आतल्या खोलीत बाबांच्या हातातल्या बशीवर कप वाजायला लागला.